दहावीचं वर्ष आणि रविवारची उपासना: मुलांना सुट्टी द्यावी का?

नगरची आई

सर्वांना सलाम.

मुलीच्या दहावीच्या क्लासने रविवारी सकाळी ८ ते ११ टेस्ट सिरीज ठेवली आहे. आमची चर्चमधली उपासना ९ वाजता. म्हणजे बोर्डाची परीक्षा होईपर्यंत मुलगी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दिसणार नाही. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे" असं घरात सगळेच म्हणतात, सासूबाई सोडून. मी क्लासला "ती येणार नाही" असं कळवलं आहे आणि त्यावरून आमच्याकडे वातावरण तापलं आहे. म्हणून इथे विचारते.

माझं म्हणणं असं की हे एक वर्ष कधीच एक राहत नाही. दहावीनंतर अकरावी-बारावी, मग नीट किंवा सीईटी, मग हॉस्टेल, मग नोकरी. आमच्या तरुण संघातली किती तरी मुलं अशीच "तात्पुरती" गेली. आता ती नाताळला दिसतात, आणि लग्न ठरलं की पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतात. त्यांच्या आईवडिलांनी श्रद्धा सोडा असं कधीच सांगितलं नव्हतं. फक्त घरात एक गोष्ट ठरून गेली, की दोन कामं एका वेळी आली तर मागे सरायचं ते उपासनेने.

आमच्याकडे रात्री जेवणाआधी घरची प्रार्थना असते. "उपासना संगीत" या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, बायबलचा एक अध्याय, मग जो तो प्रार्थना करतो. मुलगी नावं घेऊन प्रार्थना करते. समोरच्या काकूंचं डायलिसिस, शाळेच्या शिपायाच्या मुलाचा पाय, वर्गातल्या एका मुलीचे वडील दारू पितात ते. हे तिला मी शिकवलेलं नाही. उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेला आजाऱ्यांची आणि अडचणीतल्यांची नावं घेतली जातात, ते लहानपणापासून ऐकून तिने उचललं. मंडळीत जाणं बंद झालं तर घरची प्रार्थना "माझे मार्क, माझा पेपर" एवढ्यावर येईल, ही माझी खरी भीती आहे.

तुम्ही काय कराल?

जालना ते पुणे

ताई, सलाम. मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे, आणि मंडळीवर प्रेम आहे म्हणूनच.

माझे आजोबा मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्याआधी आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं तेव्हा त्यांनी उपासनेबरोबर शाळाही काढल्या. त्या मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरला पाहूनच जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. आपल्या लोकांसाठी शिक्षण हे श्रद्धेच्या आड येणारं कधीच नव्हतं, श्रद्धेने दिलेलं पहिलं फळ तेच होतं.

आता आजचं बोला. आपल्यातले बहुतेक महार-मांग समाजातून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना राहिल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेरच. गावात लोक जात विसरत नाहीत, दाखल्यावर मात्र ती चालत नाही. मग आपल्या मुलांच्या हातात उरतं काय? मार्क. ज्या घरात पैसा आहे, ओळखी आहेत, तिथे मुलगी एका टेस्टला गेली नाही तर बिघडत नाही. आपल्याकडे बिघडतं.

आणि पुढे काय कराल? नीट रविवारीच घेतात. एमपीएससीच्या कित्येक परीक्षा रविवारी असतात. तेव्हाही मुलीला घरी बसवणार का?

अभ्यास मनापासून करणं हीही देवाची सेवाच आहे. तिला जाऊ द्या. रात्रीची प्रार्थना घरात आहे, ती पुष्कळ आहे.

शब्बाथशाळेच्या बाई

मी रविवारी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, घेते आणि बाकीचे दिवस सरकारमान्य शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. त्यामुळे दोन्ही बाजूंची मुलं रोज माझ्यासमोर असतात.

जालनाकर दादांचा १९५० चा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि तो अन्याय आहे. पण त्यावरून रविवारची टेस्ट हवीच असं निघत नाही. मुलगी सहा दिवस शाळा करते, शिवाय रोज क्लास. सातव्या दिवशीही सकाळी आठला पेपर. सोमवारी माझ्या पहिल्या तासाला ही मुलं फळ्याकडे नुसती बघत बसतात. वर्गमूळ काढताना हातचे चुकतात, कारण डोकं थकलेलं असतं. रोज दीड तास नीट बसून सोडवलेली उदाहरणं अशा टेस्टपेक्षा जास्त देतात, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

बायबलमधल्या निर्गमाच्या विसाव्या अध्यायात विश्रांतीची आज्ञा वाचा. तीत मुलगा, मुलगी, चाकर, उपरी, गुरंढोरंसुद्धा मोजलेली आहेत. ही आज्ञा गुलामीतून सुटलेल्या लोकांना दिलेली आहे, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ज्यांना सुट्टी ठाऊक नव्हती त्यांना. माझ्या मते दहावीच्या मुलांना आज तिची सगळ्यात जास्त गरज आहे. आई मुलीला उपासनेला नेते तेव्हा तिच्यावर ओझं टाकत नाही, एका सकाळपुरतं उतरवते.

परीक्षेचं विचाराल तर वर्षात एखादा रविवार परीक्षेला जाणं वेगळं आणि सगळे रविवार क्लासला देऊन टाकणं वेगळं.

मागच्या बाकावरचा

मी तेवीस वर्षांचा आहे. माझ्यावर ही सक्ती झाली, म्हणून लिहितो.

पप्पा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर होते. ताप असला तरी उपासना चुकवायची नाही, हा घरचा नियम. पहिल्या बाकावर बसायचो. पण उपासनेहून येताना गाडीवर आणि नंतर जेवताना बोलणं एकच: मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं, जमिनीच्या केसचं काय झालं, निवडणुकीत कुणाला पाडायचं. घरी बायबल फक्त आजी उघडायची. प्रार्थना मी तिच्याकडून शिकलो, स्वयंपाकघरात, ती तांदूळ निवडत असताना. मम्मी रविवारी पहाटे उठून सगळ्यांचं जेवण करून, आम्हाला तयार करून उपासनेला धापा टाकत पोचायची आणि तरी पप्पा म्हणायचे, उशीर केलास. दहा वर्षं हे पाहिल्यावर मला उपासनेची घंटा ऐकली की पोटात गोळा यायचा. कॉलेजला गेल्यावर मी जाणंच सोडलं.

बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात मुलांनी आज्ञा पाळावी असं आहे, आणि त्याच्याच पुढे बापांनी मुलांना चिरडीस आणू नये असंही आहे. दुसरं वाक्य आमच्या मंडळीत मी कधी ऐकलं नाही.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात संसार पार मोडला होता. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही आपलं सोवळं पाळत होत्या आणि टिळकांनी ते चालू दिलं. त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने. सक्ती झाली असती तर मराठी ख्रिस्ती समाजाला ती बाई मिळाली असती का?

ताई, एकच विचारतो. तुम्ही मुलीला विचारलंत का?

नगरची आई

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या आईसाठी जास्त.

विचारलं. ती गायन मंडळात आहे, महिन्यातून एकदा शास्त्रवाचनही करते, ते तिला सोडायचं नाही. पण टेस्टचे मार्क क्लासच्या ग्रुपवर टाकतात आणि नाव खाली गेलं तर लाज वाटेल असं म्हणाली. शेवटी म्हणाली, "मम्मी, तूच ठरव."

म्हणून मी ठरवलं. तिला उपासना नकोशी झाली असती तर मी ओढून नेलं नसतं. पण नावं ग्रुपवर टाकून घाबरवतात म्हणून पोरीने आवडती गोष्ट सोडायची? तीही सक्तीच ना? फक्त ती क्लासची आहे म्हणून कुणी तिला सक्ती म्हणत नाही.

मागच्या बाकावरचा

हे पटलं. पण "तूच ठरव" म्हणणारी मुलगी तुम्हाला दुखवायला घाबरतही असेल. एवढं लक्षात असू द्या.

वसईवाला

आमच्याकडे कॅथलिकांना यातून वाट आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, रविवारचीच धरली जाते, चर्चच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. आमच्या गावात दहावी-बारावीची मुलं शनिवारी येतात. धर्मशिक्षणाचे वर्गही त्या वर्षी वेळ बघून घेतले जातात. संध्याकाळी घरी जपमाळ असतेच. तुमच्या मंडळीत शनिवारची उपासना का नसावी? पाळकांना विचारायला काय हरकत आहे?

कुवेतकर

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. आम्ही मराठी कुटुंबं शुक्रवारी उपासना करतो. रविवारी सगळे कामावर. देव काही रागावलेला नाही. वारावरून घरात भांडू नका.

शब्बाथशाळेच्या बाई

कुवेतकर भाऊ, तुमच्याकडे सगळी मंडळी शुक्रवारी येते. मुलं एकटी वेगळी पडत नाहीत. शनिवारच्या वेगळ्या उपासनेत फक्त दहावीवाले आले तर आजी-आजोबा, लहान पोरं, आजारी माणसं त्यांना दिसणार कुठून? नगरच्या ताईंची मुलगी ज्यांची नावं घेते ती माणसं तिला रविवारी भेटतात. वाराबद्दल माझा हट्ट नाही, माणसांबद्दल आहे.

जालना ते पुणे

बाई, तुमचं गणिताचं मी मान्य करतो. टेस्टपेक्षा रोजचा अभ्यास मोठा. पण रोजचा अभ्यास करायला जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडं, तिथे ही मुलगी दीड तास बसणार कुठे? क्लासला लोक शिकण्यासाठी जितके जातात तितकेच शांत बाकासाठी जातात. मी स्वतः तसाच गेलो.

म्हणून माझं मत अजून तेच आहे: आज जी व्यवस्था आहे तीत मुलीला टेस्टला पाठवा. मंडळीला ती रविवारी हवी असेल तर मंडळीनेही काही द्यावं. बहुतेक मंडळ्यांचे हॉल सोमवार ते शनिवार कुलुपात असतात. संध्याकाळी ६ ते ९ अभ्यासिका चालवा. मंडळीत निवृत्त शिक्षक किती आहेत! आजोबांच्या वेळी बोर्डिंगमध्ये कंदिलाखाली हेच चालायचं, आणि अभ्यास संपला की तिथेच प्रार्थना व्हायची. आईला एकटीला क्लासशी आणि घरच्यांशी भांडायला लावून बाकीच्यांनी "विश्वासात दृढ राहा" म्हणू नये.

नगरची आई

दादा, टेस्टला मी पाठवणार नाही, त्यावर आपलं जुळणार नाही. क्लासमध्ये जाऊन आले. टेस्टचा पेपर रविवारी दुपारी तिथेच बसून सोडवू देतो म्हणाले, मार्क मात्र ग्रुपवर टाकणारच. तेही टाकू नका असं लेखी दिलं आहे.

अभ्यासिकेचं मी महिला मंडळात काढलं. दोन निवृत्त बाई लगेच तयार झाल्या, त्यातल्या एक विज्ञानाच्या. हॉलची किल्ली पंच कमिटीच्या सेक्रेटरींकडे असते आणि वीजबिल कोण भरणार असं ते विचारतात. मासिक सभेत विषय घ्यायचा अर्ज दिला आहे. तुमच्याकडे कुठे अशी अभ्यासिका चालत असेल तर बिलाची, किल्लीची आणि मुलींना रात्री घरी सोडण्याची सोय कशी केली आहे ते लिहा. सभेत मला तेच विचारतील.