चर्चा: रँक खेळताना व्हॉइस बंद आणि दोन हरलं की उठायचं, पटतंय का?

सायबरचौक (धागा काढणारा)
व्हॅलोरंट असो की बीजीएमआय, असल्या गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये अनोळखी लोकांबरोबर रँक (हार-जितीवर तुमची पायरी वर-खाली करणाऱ्या मॅच) खेळताना व्हॉइस आणि चॅट मॅच सुरू व्हायच्या आधीच बंद करावं. आणि सलग दोन हरलं की त्या दिवशी रँकला हात लावू नये. खेळ सोडा असं म्हणत नाही, डोकं ताळ्यावर ठेवून खेळा म्हणतोय.

शिवी ऐकल्यावर म्यूट केलं तर उशीर झालेला असतो. शब्द कानात गेला की पुढचे तीन-चार राऊंड माणूस समोरच्यांशी नाही, आपल्याच टीमशी भांडत खेळतो. खेळातच दिसतं ते. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल रायफल आणि जड शील्ड (चिलखत) मिळून 3,900 क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, लागतात. खिशात 2,400, बाकीचे चौघं पैसे वाचवतायत, आणि हा पठ्ठ्या 1,600 ची स्पेक्टर ही हलकी बंदूक घेऊन एकटाच घुसतो. पुढच्या राऊंडला चौघांकडे रायफली, हा कंगाल. मग परत शिव्या. चूक नेमबाजीची नव्हतीच, राग आधी खरेदीत घुसला.

पेठकर_९
अजिबात पटत नाही. बोलणं हाच अर्धा खेळ आहे भावा. नकाशावर पिंग (खूण) टाकून माणूस कुठं आहे ते कळतं, पण "दोघं आहेत, एकाला 84 डॅमेज लागलंय, स्पाइक (बॉम्ब) मागं राहिलाय" हे पिंगनं कसं सांगणार? सरसकट म्यूट केलं की हरण्याचं प्रमाण वाढतं, आणि हरण्यानंच डोकं जास्त फिरतं. टॅब दाबून स्कोअरबोर्ड उघडा, जो घाण बोलतो त्या एकट्याला गप्प करा, विषय संपला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असली की गॅलरीतून काय काय ऐकू येतं. म्हणून कुणी कानात बोळे घालून फुटबॉल खेळत नाही.

क्लच_काकू
गॅलरीतला माणूस पास देत नसतो हो. इथं शिव्या देणाराच तुमच्या पाठीमागची बाजू सांभाळत असतो, फरक तिथं आहे. शिवाय मुलीचा आवाज ऐकू आला की पहिल्या राऊंडच्या आधीच काही जणांची जीभ सुटते. तिथं "एकट्याला गप्प करा" म्हणजे रोज नव्यानं गटार साफ करा.

मधला रस्ता आहे. व्हॅलोरंटमध्ये पार्टीचा (सोबत घेतलेल्या मित्रांचा) व्हॉइस आणि अख्ख्या टीमचा व्हॉइस वेगवेगळे आहेत. ओळखीचे दोघं-तिघं घेऊन पार्टी चालू, टीम बंद. लिखित चॅट वेगळं बंद करावं लागतं, ते बरेच जण विसरतात. बीजीएमआयमध्ये माइक आणि स्पीकर वेगळे आहेत. नुसता माइक बंद केला तर तुम्ही गप्प होता, ऐकणं चालूच राहतं. आणि म्यूट केलं तरी रिपोर्ट टाकाच. म्यूटनं फक्त तुमचे कान वाचतात.

खासबाग_वस्ताद
व्हॉइसचं ठीक. पण दोन हरलं की उठायचं? तालमीत पोरगं दहादा पाठीवर पडतं, अंगाला माती झाडतं आणि परत उभं राहतं. पडायची भीती वाटते म्हणून घरी पाठवलं तर ते कधी पैलवान व्हायचं? असल्या नियमांनी पोरं हळवी होत्यात.

हिशोबी
हळवेपणा बाजूला ठेवा, मला त्या नियमाचं गणितच खटकतं. रँकची यंत्रणा तुम्हाला बरोबरीचेच विरोधक शोधते, म्हणजे दर मॅचला साधारण निम्मी-निम्मी शक्यता. तीन मॅचचे आठ निकाल होतात, त्यातल्या तिनांत सलग दोन हार येते. पाच मॅच धरल्या तर 32 पैकी 19. काहीही न बिघडता, नुसत्या नशिबानं, निम्म्याहून जास्त दिवस तुम्ही उठणार. शंभर मॅचमध्ये सलग पाच हार एकदा तरी येण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास आहे. हे ज्याला माहीत आहे तो "मला मुद्दाम हरवतायत" म्हणून फोन आपटत नाही. त्यापेक्षा बसायच्या आधीच आकडा ठरवा: आज तीन मॅच, जिंकलो तरी तीन, हरलो तरी तीन.

सायबरचौक
गणित मान्य. तरी तापलेल्या माणसाला आपण तापलोय हे कळत नाही, म्हणून नियम बाहेरचा हवा. तुमचा तीनचा आकडाही बाहेरचाच आहे, चालेल. वस्ताद, तालमीत पोरगं दहादा पडतं खरं, पण "बस आता, पाणी पी" म्हणायला तुम्ही उभे असता. रात्री एक वाजता घरात कोण उभं असतंय?

खासबाग_वस्ताद
हे बरोबर बोललास. मग वस्ताद नेमा. पार्टीतल्या एकाला आधीच सांगून ठेवायचं, तू बस म्हटलास की मी वाद न घालता उठणार. त्यानं काय बघायचं: स्कोअर न वाचताच पुढची मॅच शोधायला टाकणं, अंगठे स्क्रीनवर गरजेपेक्षा जोरात दाबणं, मेल्यावर लगेच कुणाचं तरी नाव घेणं. तिन्हीतलं काहीही दिसलं की दहा मिनिटं उठायचं. उठून रील्स बघायच्या नाहीत, ती विश्रांती नव्हं. गच्चीवर जा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. दोन हरलं की उठायचा नियम मात्र मला अजून मान्य नाही.

राउटर_राजा
सगळे माणसांवर घसरलाय. निम्मा राग नेटचा असतोय. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये पॅकेट लॉसचा (नेटवर वाटेत हरवणाऱ्या माहितीचा) आलेख चालू करा. गोळी लागली नाही असं वाटतं तेव्हा तो शून्यावर आहे का बघा. वर उड्या मारत असेल तर आधी लॅनची वायर लावा, वायरीनंही थांबत नसेल तर त्या दिवशी रँक नको. लाईट गेल्यावर मॅच सुटते, वर दंड बसतो आणि टीमच्या शिव्या खाव्या लागतात, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी) मिळतो. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

क्लच_काकू
एक राहिलं. तासांच्या मर्यादेवर फार भिस्त ठेवू नका. 2023 मध्ये बीजीएमआय परत आलं तेव्हा 18 च्या आतल्यांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी मर्यादा होती. अर्ध्या तासाची एक धरली तर 3 तासांत सहा मॅच बसतात, डोकं तापायला दोन पुरतात. खरी काळजी झोपेची. शेवटची रँक आणि अंथरूण यांत तासभर तरी सोडा, आणि संध्याकाळनंतर एनर्जी ड्रिंक नको. कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात.

आणि चिडणं म्हणजे आजार नव्हे, पालकांनी हे आधी लक्षात घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं हे साधारण 12 महिने दिसावं लागतं. पण झोप, जेवण, कॉलेज सुटायला लागलं तर वर्षभर वाट बघत बसू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पेठकर_९
पार्टी चालू, टीम बंद हे मला एकट्यानं खेळताना उपयोगाचं नाही. मी टीमचा व्हॉइस चालूच ठेवणार, एकेकाला म्यूट करणार. तीन मॅचचा आकडा मात्र उचलला. राउटर_राजा, फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर एका यूपीएसवर दोन्ही चालतात का?

राउटर_राजा
दोन पिना असलेला घे, आणि दोन्ही अडॅप्टरचे अँपिअर बेरीज करून बघ. नुसता राउटर लावलास तर वायफाय दिसेल, नेट येणार नाही.