विंडोज १० सोडून लिनक्स मिंट टाकायचंय, बाबांच्या जुन्या मराठी फाईली राहतील ना?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. घरी बाबांचा लॅपटॉप आहे, आय५ सातव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि तिचे सी आणि डी असे दोन भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे रीतसर तिकडे जाता येत नाही. मशीन धडधाकट आहे, टाकून द्यायचं मन होत नाही, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकावं म्हणतोय. पेन ड्राईव्हवरून चालवून बघितलं, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं व्यवस्थित चाललं.

काळजी फाईलींची आहे. बाबा गावच्या वाचनालयाचे बरीच वर्षं चिटणीस होते, सभांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, स्मरणिकेचा मजकूर सगळं त्यात आहे, बहुतेक वर्डमध्ये पण जुन्या फॉन्टात (डीव्हीबी सुरेख, योगेश, काही श्रीलिपीत) आणि थोडं पेजमेकरमध्ये (छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). शिवाय आजीआजोबांचे स्कॅन केलेले फोटो, ज्यांच्या मूळ प्रती आता नाहीत. इथला एक दुकानदार म्हणतो डी ड्राईव्हला काही होत नाही, बिनधास्त फॉरमॅट मारू. खरंय का हे? आणि त्या मराठी फाईली मिंटमध्ये उघडतील का? प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० आहे.

पेंग्विन_पुणे :
दादा, "डी ला काही होत नाही" हे विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त सी फॉरमॅट केला तर ठीक आहे, पण मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क पुसून इन्स्टॉल करा असा जो सोपा पर्याय दिसतो तो अख्खी डिस्क पुसतो, सी, डी सगळं. लिनक्समध्ये सी-डी अशी नावं नसतात, आणि हा पर्याय भाग न बघता ती एकच डिस्क धरतो. भाग हाताने निवडायचा पर्याय असतो (समथिंग एल्स), त्यात डी ला फॉरमॅटची खूण न लावता सोडता येतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा सरळ मार्ग सांगतो. एक अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी बसवा आणि मिंट तिच्यावर टाका. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली की बाहेरून जोडता येते. म्हणजे इन्स्टॉल करताना फाईली मशीनमध्येच नसतात, मग चुकीचं बटण दाबलं तरी जाणार काय? वर लॅपटॉपचा वेगही कुठल्या कुठे जातो, सातव्या जनरेशनच्या मशीनला हळू करते ती मुख्यतः जुनी डिस्कच.

डिस्क काढायच्या आधी विंडोजमध्ये दोन गोष्टी बघा. पहिली, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का. असेल तर बंद करा आणि पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, नाहीतर ती डिस्क दुसरीकडे जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती सापडली नाही तर डिस्क हातात असून उपयोग नाही. दुसरी, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स ती एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) डिस्क नुसती वाचायला देतं, लिहू देत नाही. बाकी एनटीएफएस मिंटला व्यवस्थित वाचता येते, त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

आणि फोटोंची अजून एक प्रत दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर कराच. ती एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये ठेवा, जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात. कॉपी झाल्यावर चार ठिकाणचे फोटो उघडून बघा, नुसता फोल्डर दिसला म्हणजे झालं असं समजू नका.

ठाण्याची_ताई :
वरच्यात एक राहिलं, वनड्राईव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण! बऱ्याच मशीनवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राईव्हमध्ये गेलेले असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. फाईलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाईल तुमच्या डिस्कवर नाहीच आहे, नुसतं नाव दिसतंय. फोल्डरवर राईट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, सगळीकडे हिरवी खूण येऊ दे, मगच कॉपी करा. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्डही आधी बाहेर काढून घ्या.

आणि घाई करू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक चालू ठेवून नोंदणी केली तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतात. तेवढा वेळ बाबांच्या शेजारी बसून फाईली लावायला वापरा, कुठली कशाची हे त्यांनाच माहीत असणार.

जुना_टंक :
डीटीपीचं काम करतो त्यामुळे फॉन्टबद्दल मी सांगतो, कारण या भागाकडे कोणी बघत नाही आणि मग लोक "फाईल करप्ट झाली" म्हणून डिलीट करून टाकतात. सुरेख, योगेश, श्रीलिपी हे युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नाहीत. फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की तीच चिन्हं उघडी पडतात. फाईल शाबूत असते, फक्त फॉन्ट हवा. म्हणून फाईलींइतकेच फॉन्ट महत्त्वाचे!

विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले सगळे मराठी टीटीएफ (फॉन्टच्या फाईली) कॉपी करा, आणि एखादा फॉन्ट तिथे सापडला नाही तर ॲपडेटा लोकलच्या आतल्या मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्येही बघा, एकाच युजरसाठी टाकलेले फॉन्ट तिथे जातात आणि तो फोल्डर लपवलेला असतो. मिंटमध्ये टीटीएफवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) ती वर्डची फाईल मराठीत दिसते. एखादं जोडाक्षर किंवा रफार जागचा हलू शकतो, म्हणून जे महत्त्वाचं आहे, इतिवृत्तं, अहवाल, त्याची विंडोज चालू असतानाच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, मग कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं.

पेजमेकरचं तर आधी पीडीएफच करा. लिबरऑफिस ड्रॉ त्या फाईली उघडतं पण मांडणी विस्कटते. श्रीलिपी स्वतः विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, मिंटवर टायपिंगला ते मिळणार नाही. मजकूर सावकाश कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं असतं त्यामुळे सुरेखची फाईल सुरेखच्याच कन्व्हर्टरमधून काढा आणि मूळ फाईल कधीच पुसू नका. एका वाचनालयाचं इतक्या वर्षांचं कामकाज आहे ते, युनिकोडमध्ये आलं तर निदान शोधता तरी येईल, आत्ता कोणाचं नाव शोधायला गेलात तर एकही निकाल येणार नाही. बाबा टाईप कसं करतात, इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कळफलक) की जुन्या टाईपरायटरच्या पद्धतीने?

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, डॉक्युमेंट्समध्ये निम्म्याहून जास्त फाईलींवर ढग आहे, आता उतरवायला लावलंय. बिटलॉकर बंदच आहे. एसएसडी घ्यायचं नक्की केलं. बाबा टाईपरायटरवाले आहेत, इनस्क्रिप्ट त्यांना येत नाही. प्रिंटरचं कोणी सांगेल का?

जुना_टंक :
मग पेन ड्राईव्हवरच्या मिंटमध्ये आधी इनपुट मेथडच्या (टायपिंगच्या पद्धतींच्या) यादीत रेमिंग्टन, म्हणजे टाईपरायटरच्या धर्तीचा लेआउट शोधा आणि बाबांनाच बसवून एक पानभर टाईप करायला सांगा. त्यांच्या बोटांना जमलं तरच पुढे जा. नाही जमलं तर जुनी डिस्क आहे तशी ठेवलेली आहेच, परत बसवली की विंडोज सुरू.

पेंग्विन_पुणे :
१०२० चालतो. पण त्या प्रिंटरच्या आत स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) टिकून राहत नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं, म्हणून एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरच्या जोडीला एचपीचं प्लगइन उतरवून टाकावं लागेल. नुसता प्रिंटर जोडला तर यादीत दिसेल पण पान बाहेर येणार नाही. प्लगइनची आणि एचपीलिपची आवृत्ती एकच हवी एवढं बघा, आणि ते टाकताना इंटरनेट चालू ठेवा.