गिअरबॉक्स उतरवण्याआधी: क्रँकशाफ्टचे मागचे सीलच गळते आहे, हे कसे ठरवावे?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. माझ्याकडे 2012 सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्यापासून, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात बरोबर त्या जागेखाली पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब पडतात. पूर्वी रात्रभरात एखादा थेंब पडे. आता कात्रज घाट चढून आले की तळहाताएवढा डाग दिसतो आणि डिपस्टिकवरची पातळीही उतरू लागली आहे. गॅरेजमध्ये क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला तेल अडवणारी कडी, गेल्याचे सांगितले. सील स्वस्त आहे, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार असल्याने मजुरी त्याच्या कितीतरी पट होते. निदान बरोबर आहे याची खात्री कशी करावी? आणि गळती थांबवण्यासाठी तेलात घालायचे जे औषध बाजारात मिळते, त्यावर काही काळ भागेल का?

उत्तर 1 (भोसरी, गॅरेज व्यावसायिक)

तेल नेमके त्या सांध्यातून टपकत असले, तरी ते तिथूनच निघते असे मानू नये. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच किंवा हेडच्या मागच्या टोकाचा कॅमशाफ्टचा प्लग, यांपैकी काहीही पाझरत असले तरी तेल इंजिनच्या अंगावरून ओघळत, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जात, बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या आवरणाच्या) तळाशीच जमते. त्यामुळे केवळ खालून पाहून सीलवर ठपका ठेवणे घाईचे ठरेल.

आधी इंजिन डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडे करावे. मग वरच्या सांध्यांवर आणि बेल हाउसिंगच्या कडेवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकून गाडी थोडी फिरवून आणावी. तेल जिथून निघते तिथे पावडरमध्ये ओली रेघ उमटते. तरीही उलगडा झाला नाही, तर तेलात फ्लुओरोसंट रंग घालून अतिनील दिव्याने पाहता येते. वरचा भाग कोरडा राहून बेल हाउसिंगच्या खालच्या छिद्रातूनच तेल येत असेल, तर संशय मागच्या सीलवर जातो.

तेव्हाही ते तेल बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि रंग बहुधा फिकट राहतो. तसे आढळले तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याच्या) सीलचा आहे. काळपट, जळकट वासाचे तेल इंजिनचे समजावे.

औषधाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते कडक झालेल्या रबराला मऊ करून थोडे फुगवते, म्हणून गळती काही काळ कमी होऊ शकते. परंतु सीलची फाटलेली कड त्याने सांधत नाही. गळके तेल क्लच प्लेटवर पोहोचले की चढावर क्लच घसरू लागतो आणि मग प्लेटही बदलावी लागते. आपण घाटात गाडी नेता, म्हणून थांबू नये.

उत्तर 2 (सिंहगड रस्ता)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सील का गेले हा प्रश्न त्यात राहून गेला आहे. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, क्रँकशाफ्टच्या पोकळीत) उतरतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू सोडणारी झडप) व ब्रीदर पाइप तो बाहेर काढून पुन्हा इनटेककडे नेतात. शहरातील छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, तेलातली वाफ उडत नाही आणि हा मार्ग चिकट गाळाने चोंदतो. मग आतला दाब वाढून तेल सर्वांत कमजोर जागेतून बाहेर पडते. अशा इंजिनात नवे सील बसवले तरी तेही लवकरच पाझरू लागेल. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायच्या तोंडावर पातळ कागद धरावा. तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. कागद जोराने वर फेकला जात असेल, तर सीलचे काम हाती घेण्याआधी ब्रीदरची सफाई करावी.

उत्तर 3 (चिंचवड)

काम काढलेच तर बसवणीवर स्वतः लक्ष ठेवावे. जुने सील काढताना स्क्रूड्रायव्हर शाफ्टला घासला आणि ओरखडा उठला, तर नवे सीलही गळते. शाफ्टवर सीलच्या कडेने खाच पाडली आहे का, हे नखाने चाचपावे. नख अडकत असेल, तर नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवता येते किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह चढवता येते. सीलच्या कडेमागे बारीक स्प्रिंग असते, ती बाजू इंजिनच्या आत असावी आणि सील सर्व बाजूंनी सारखे दाबत बसवावे. रबरी कडेला तेलाचा हात फिरवतात; पीटीएफई (टेफ्लॉन) कडेचे सील मात्र कोरडेच बसवायचे असते आणि त्यानंतर इंजिन लगेच चालू करायचे नसते. आपल्या सीलचा प्रकार कोणता, हे पाकिटावरील सूचनेत पाहावे. फ्लायव्हीलचे बोल्ट कंपनीच्या ठरलेल्या टॉर्कनेच आवळावेत.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इंजिन धुऊन पावडर लावून पाहिले: टॅपेट कव्हर कोरडे राहिले, तेल बेल हाउसिंगच्या छिद्रातूनच आले आणि त्याला गिअर ऑइलचा वास नाही. कागद मात्र वर उडाला. त्यामुळे आधी ब्रीदर साफ करून घेतो आणि गळती तशीच राहिली तर चासी क्रमांक दाखवून नाना पेठेतून सील आणतो. गिअरबॉक्स खाली आल्यावर आणखी काय बदलावे?

उत्तर 1 (भोसरी)

क्लच प्लेटला तेल लागले असेल तर ती बदलावीच, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) तर त्याच वेळी बदलून टाकावे, कारण त्यासाठी पुन्हा तीच मजुरी द्यावी लागेल. इनपुट शाफ्टचे सीलही तेव्हाच पाहून घ्यावे. काढलेले सील गॅरेजमध्ये टाकू न देता मागून घ्यावे. कड सगळीकडे सारखी कडक होऊन तडकली असेल, तर ते वयाने गेले. कड शाबूत असून सील जागेवरून मागे सरकले असेल, तर आतल्या दाबाचा संशय घ्यावा. एकाच बाजूने झिजले असेल, तर सील तिरके बसले होते किंवा क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मेन बेअरिंगमध्ये ढिलाई आहे, आणि ती तपासल्याशिवाय गिअरबॉक्स पुन्हा चढवू देऊ नये.