रिकामी फिरणारी हार्ड डिस्क थांबवावी का?

मूळ मुद्दा
माझ्या घरच्या सर्व्हरमध्ये साडेतीन इंची चार हार्ड डिस्क आहेत. त्यांना दिवसाला जेमतेम चार तास काम असते. उरलेले वीस तास त्या नुसत्याच फिरत राहतात. अशी रिकामी फिरणारी डिस्क साधारण पाच वॅट वीज घेते आणि मोटर थांबली की हा खर्च एका वॅटच्या खाली येतो. डिस्कमागे चार वॅट धरले तरी चारही मिळून वर्षाला सुमारे ११७ युनिट वाचतात. म्हणून दहा मिनिटे काम नसेल तर डिस्क थांबवावी, असे माझे मत आहे. मोटर फिरलीच नाही तर झिजणार कशी? आयुष्यही वाढेलच.

प्रतिसाद
विजेचा हिशेब मान्य, आयुष्याचा नाही. आजच्या डिस्कमधले बेअरिंग द्रवाच्या पातळ थरावर फिरते. पूर्ण वेगात धातूला धातू लागत नाही, घर्षण होते ते सुरू होताना आणि थांबताना. स्थिर तबकड्यांना मिनिटाला ७,२०० फेऱ्यांपर्यंत नेताना मोटर काही सेकंद वीस वॅटहून अधिक वीज ओढते. डिस्कजवळ कान नेऊन ऐका: गुणगुण चढत जाते आणि मग हेड (माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) जागेवरून सुटताना बारीक ‘टक्’ होते. दर वीस मिनिटांनी एखादा प्रोग्रॅम नोंद लिहायला आला, तर हे दिवसातून ७२ वेळा घडेल. अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात सुरू-बंद होण्याची मर्यादा ५०,००० असते. ती दोन वर्षांच्या आत संपेल.

मूळ लेखकाचे उत्तर
हे वाचून मी डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती माहिती, उघडल्या. सुरू-बंदचा आकडा एका दिवसात ४१ ने वाढलेला दिसला आणि मला खरोखर काळजी वाटली. तापमान टिपणारा एक प्रोग्रॅम आपली नोंद त्याच डिस्कवर लिहीत होता. ती मी एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) हलवली आणि डिस्क थांबण्याची मुदत एक तासाची केली. आता डिस्क दिवसातून तीनदाच जागी होते, म्हणजे वर्षाला १,०९५ वेळा.

आणखी एक प्रतिसाद
चारही डिस्क एकाच रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून एकच साठा करण्याच्या रचनेत) असतील तर एक फाइल उघडायलाही बहुधा साऱ्या जाग्या कराव्या लागतात, आणि उठायला उशीर करणारी डिस्क कंट्रोलर (डिस्कवर नियंत्रण ठेवणारे यंत्र) बाद ठरवू शकतो. आठवड्यातून एकदा लागणारी बॅकअपची डिस्क मात्र जरूर थांबवावी.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
एक तासाच्या मुदतीला माझा विरोध नाही. तरीही त्याने डिस्कचे आयुष्य वाढते असे म्हणणे मला पटत नाही. दहा मिनिटांच्या मुदतीने जे नुकसान झाले असते, ते टळले इतकेच.