कारखान्यात फ्लूची लस: शिबिर आधी, की आजारपणाची रजा आधी?

चाकणकर:
आमच्या कारखान्याच्या सुरक्षा समितीसमोर कंपनीच्या खर्चाने फ्लूची लस देण्याचा प्रस्ताव आला असून माझा त्याला पाठिंबा आहे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे शिबिर मे महिन्यातच उरकायला हवे. पावसाच्या दिवसांत पहिल्या पाळीच्या बसच्या सर्व काचा बंद असतात, आत चाळीस माणसे तासभर दाटीने बसलेली असतात आणि त्यांतला एक जण जरी खोकत असला, तरी आठवड्याभरात पॅकिंग विभागातील निम्मी माणसे अंथरुणाला खिळतात. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यात. निदान या जिल्ह्यात तरी लसीचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

शंकासूर:
आपण २००९ची आठवण काढलीत, पण ती साथ नव्या विषाणूची होती; दरवर्षीच्या फ्लूला तेच माप लावता येणार नाही. विषाणूशी जुळणी चांगली झाली, तरी ही लस साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते, आणि तरीही ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. खासगी दवाखान्यात एका मात्रेला हजाराच्या वर रुपये पडतात. तेवढ्या पैशांत कंपनीला बसच्या काचा उघड्या राहतील अशी सोय करता येईल आणि तापात कामावर येणाऱ्याला पगारी रजाही देता येईल. माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. आज जे ऐच्छिक आहे, ते उद्या पर्यवेक्षकाच्या वहीत ‘कोणी घेतली नाही’ अशी यादी होऊन बसते. कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कोविडच्या संदर्भात स्पष्ट केले होते. आपल्या मनुष्यबळ विभागाने ते वाचले असेल, अशी आशा आहे.

कारखाना वैद्य:
शंकासूर यांनी दिलेला आकडा बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. लस घेऊनही फ्लू झालाच, तरी न्यूमोनिया होण्याची आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता कमी होते. मधुमेही, दमेकरी, गरोदर आणि साठीजवळ आलेल्या कामगारांसाठी हाच मुद्दा सर्वांत मोठा आहे. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये तिची रचना सुचवते. शिबिरात देण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ‘लस घेतली आणि फ्लू झाला’ ही तक्रार शास्त्राला धरून नाही. दंड दुखतो आणि क्वचित एखादा दिवस कणकण येते, हे मात्र कामगारांना आधीच सांगावे आणि शिबिर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवावे. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण संसर्ग पसरवू लागतो. त्यामुळे नुसत्या रजेने बसमधला फ्लू थांबणार नाही.

तिसरी पाळी:
मी कंत्राटी कामगार आहे आणि या चर्चेत आमचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. प्रस्तावातील ‘सर्व कर्मचारी’ म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरचे लोक. कँटीन, साफसफाई आणि सुरक्षारक्षक हे सगळे ठेकेदाराचे आहेत. पण बस आम्हा सर्वांची एकच आहे, आणि ताटे तर आम्हीच वाढतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतन मिळते खरे, परंतु सामान्यतः पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांचा. अर्धे आजारपण बिनपगारी गेल्यावर हाती काय उरते? त्यातून प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात रांगेत उभे राहण्यापेक्षा गोळी घेऊन कामावर येणे आम्हाला परवडते.

शंकासूर:
हेच मी म्हणत होतो. लस टोचली की कंपनी मोकळी होते आणि रजेचा विषय मागे पडतो.

चाकणकर:
तो मागे पडावा की नाही, हे समितीतील कामगार प्रतिनिधींच्या हाती आहे. तिसरी पाळी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ठेकेदारांच्या माणसांना वगळून घेतलेल्या शिबिराला मी स्वतः विरोध करेन. त्यांच्या लशीचा खर्च मुख्य कंपनीने उचलावा आणि पहिल्या दोन दिवसांचा पगार देण्याची अट ठेकेदाराच्या करारात घालावी, अशा दोन मागण्या मी लेखी देणार आहे. नकाराची यादी ठेवू नये, ही आपली अट त्यात तिसरी म्हणून जोडतो. तेवढ्यावर आपला विरोध मावळेल का?

शंकासूर:
यादीची अट लेखी असेल, तर शिबिराला माझी हरकत नाही. मात्र करारातील अट मान्य होण्याआधी शिबिराची तारीख जाहीर करू नका. तारीख एकदा ठरली की बाकीच्या मागण्या पुढच्या बैठकीवर जातात, हे आपणही पाहिले आहे.

कारखाना वैद्य:
करारासाठी जुलै उजाडला, तर लशीचा निम्मा उपयोग गेला म्हणून समजा. मे महिन्याची तारीख मी सोडणार नाही.