मेंडेलियन रँडमायझेशनला मराठीत काय म्हणाल?

सांजवात:
एका मासिकासाठी लेख अनुवादतेय. आतड्यातले बॅक्टेरिया आजार घडवतात का, हे जनुकांची माहिती वापरून कसं ताडतात, असा विषय. दोन ठिकाणी गाडं अडलंय. 'आतड्यातले जंतू' लिहिलं होतं. आत्याला वाचायला दिलं तर म्हणाली, "मग जंतांचं औषध घ्यायचं ना सरळ!" आणि दुसरं मेंडेलियन रँडमायझेशन. 'मेंडेलीय यादृच्छिकीकरण' लिहून मोठ्याने वाचलं, दोनदा जीभ अडखळली.

अर्थ असा: मधुमेह्याच्या पोटातले बॅक्टेरिया निरोगी माणसापेक्षा वेगळे दिसतात. पण ते आजाराने बदलले, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीने बदलले, की त्यांच्यामुळेच आजार झाला? जनुकं मात्र गर्भ राहतानाच ठरतात, पुढे आजार झाला म्हणून ती बदलत नाहीत. आईबापांकडची कुठली पोराच्या वाट्याला येतील तो नशिबाचा भाग. म्हणून एखादा बॅक्टेरिया वाढवणारी जनुकं ज्यांच्यात उपजत आहेत, त्यांना तो आजार जास्त होतो का, ते बघायचं. होत असेल तर संशय बॅक्टेरियावर. याला सुटसुटीत शब्द हवाय.

खडूस मास्तर:
जंत आणि जंतू दोन्ही संस्कृत 'जन्तु'चेच. आत्याबाईंचं काही चुकलं नाही. 'जीवाणू' लिहा. आणि कृपा करून जी दीर्घ. हल्ली जिकडेतिकडे 'जिवाणू' दिसतं, डोळ्यांत खुपतं.

बांधावरचा:
मास्तर, बियाण्याला चोळायच्या रायझोबियम बॅक्टेरियाच्या पाकिटावर 'जिवाणू संवर्धक'च असतं. २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंडगार पाण्यात कालवायचं, १० किलो हरभऱ्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं. वेलांटी चुकली म्हणून हरभरा उगवायचा राहिला नाही कधी.

खडूस मास्तर:
तणही उगवतं.

उंबरठा:
'आतडं' तरी कशाला? कोठा म्हणा. आजी 'कोठा जड झालाय' म्हणायची, वैद्य मृदू कोष्ठ आणि क्रूर कोष्ठ सांगतात. 'कोठ्यातले जीवाणू.' किती घरचं वाटतं!

सांजवात:
कोठा वाचून आमचे संपादक थेट लखनौला पोचतील.

बांधावरचा:
रँडमायझेशन म्हणजे सोडतच की. म्हाडाच्या घरांची निघते तशी. 'जन्मसोडत' म्हणा आणि मेंडेलला वाटाण्याच्या अक्षता लावा.

खडूस मास्तर:
वाटाण्याच्याच अक्षता हव्यात त्याला, १८६५ साली ब्रनोमध्ये त्याने आनुवंशिकतेची व्याख्यानं दिली ती वाटाण्यांवरच. पण सोडत नको. सोडतीला आधी अर्ज भरावा लागतो. जन्माला अर्ज करून कोण येतं? 'यदृच्छा' म्हणजे आपसूक, कुणाच्या मर्जीविना. नेमका शब्द आहे, जीभ अडखळते तर जिभेला सवय लावा.

डच्चू:
नेदरलँड्सहून लिहितोय, याच कामात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. कल्पना इथल्याच शास्त्रज्ञ मार्टाइन काटान यांची. कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत कॅन्सर जास्त दिसत होता. आता कोलेस्टेरॉल कमी म्हणून कॅन्सर, की आत दडलेल्या कॅन्सरने कोलेस्टेरॉल उतरवलं? १९८६ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं, की कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी ठेवणारं जनुक ज्यांच्यात आहे त्यांच्याकडे बघा. मेंडेलचं नाव या पद्धतीला मागाहून चिकटलं.

'सोडत' मला आवडला. पण सोडत निघाली म्हणजे निकाल लागला असं वाटतं, आणि आतड्याच्या बाबतीत तिथेच फसायला होतं. कुठल्या जनुकांमुळे आतड्यातले बॅक्टेरिया कमीजास्त होतात, यावरचा २०२१ चा मोठा अभ्यास घ्या, २४ गटांतले १८,३४० लोक. सगळ्यात बारीक चाळणीतून जनुकांमधली एकच जागा खाली उतरली, दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक्टेज या विकराची. मोठेपणी ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यात बायफिडोबॅक्टेरियम नावाचे बॅक्टेरिया जास्त. कारण दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, या बॅक्टेरियांना पंगत आयती. आता अशा लोकांत एखादा आजार कमी दिसला तर श्रेय बॅक्टेरियाला द्यायचं, की दूध टाळण्याला? जनुकापासून आजारापर्यंत बॅक्टेरियाला वगळून जाणारी वाट असू शकते. मी तिला 'चोरवाट' म्हणतो. नाव काहीही द्या, लेखात ही चोरवाट आली पाहिजे.

उंबरठा:
चोरवाट झकास! आणि एक सुचलं. 'आतड्याचं माणूस' म्हणजे रक्ताचं माणूस ना? बघा, जनुकं आणि आतडं मराठीने आधीच जोडून ठेवलीत.

खडूस मास्तर:
याला बादरायण संबंध म्हणतात.

बांधावरचा:
आमच्या बापूंना कपभर दूध सोसत नाही, पोट गुडगुडतं. ताक मात्र तांब्याभर रिचवतात. ते कसं?

डच्चू:
विरजणातले बॅक्टेरिया थोडी साखर आधीच फस्त करतात.

उंबरठा:
मग प्रयोगशाळेतल्या 'कल्चर'ला विरजणच का म्हणू नये?

खडूस मास्तर:
'संशोधनावर विरजण' असा मथळा छापून येईल, चालेल?

सांजवात:
मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. सोडत की यादृच्छिकीकरण, एकदा सांगा.

बांधावरचा:
बापू त्याला मठ्ठा म्हणतात बरं का. ताक आणि मठ्ठा एकच ना?

खडूस मास्तर:
मुळीच नाही. आलं, मिरची, कोथिंबीर वाटून लावली तर मठ्ठा.

उंबरठा:
आमच्याकडे कोथिंबीर वाटत नाहीत हो, वरून चिरून घालतात.