तापीकाठची जुनी ठिकाणं, दोन दिवसांत काय काय होईल?

आई-बाबांना घेऊन भुसावळहून गाडीने निघतोय, अजिंठा झालाय, फक्त नदीकाठचं सांगा. बाबांना पायऱ्या जमत नाहीत.

↳ मग चांगदेवच. तापी-पूर्णेचा संगम, काळ्या दगडाचं मंदिर, कोरीव काम जवळून बघा, घाई करू नका. तिथून मुक्ताईनगर, कोथळीचं मुक्ताईचं जुनं मंदिर. उन्हात दगड असला तापतो ना भाऊ, सकाळीच जा.

↳ थाळनेर कोणी सांगत नाही राव! खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, १८१८ ला इंग्रजांनी किल्ला घेतला. आता बुरूज ढासळलेत पण अष्टकोनी कबरीवरची नक्षी बघाच.

↳ दुसऱ्या दिवशी थाळनेर करून पुढे प्रकाशा, दक्षिण काशी म्हणतात, १९५४-५५ ला तिथे उत्खननही झालंय. येताना शेवभाजी, तिखट कमी सांगा 😄